तिच्या वाट्याचं कडवं

१२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

सा. न. वि. वि. नमस्कार तुझ्या वयाला आहे. विनंती एकच आहे आणि ती खाली येईलच. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मध्येच हसतोस आणि म्हणतोस की चिडके, एवढं काय त्यात. दिवसभर माणसांची तोंडं उघडी ठेवून त्यांच्याशी गप्पा मारायच्या, समोरच्याला उत्तर देता येत नाही याचंच तुम्हा दाताच्या डॉक्टरांना सुख असावं. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

आई पियानो शिकते आहे. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी. कोपऱ्यावरच्या ड्रायक्लीनरच्या वर राहणारी एक मुलगी आठवड्यातून दोनदा येते, तोंडात च्युइंगगम घेऊन, आणि शिकवते. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. तिनं पोहायला शिकावं, पत्ते खेळून शेजाऱ्यांना लुटावं, मी टॉवेल घेऊन काठावर उभी राहीन. पण ती शिकते आहे ते बाबांचं गाणं. तेच, जुन्या हिंदी सिनेमातलं. स्टँडवरच्या कागदावर ठळक अक्षरांत त्याचं नाव आहे, म्हणून कळलं. नुसतं ऐकून ओळखता आलं नसतं, इतकं वाईट वाजवते.

माझं काम तुला माहीत आहे. गावभरच्या नळांचं, विहिरींचं, गटारांचं पाणी बाटल्या भरून माझ्या टेबलावर येतं, आणि मी ते हुंगते, गाळते, त्यात काय वळवळतंय ते बघते. इतक्या वर्षांत एकाही बाटलीनं मला मळमळलं नाही. परवा मात्र घराचं दार उघडलं, तो कागद दिसला, आणि आत पाऊल टाकवेना. मी पिशवीसकट जिन्यात जाऊन बसले.

तुला त्या पार्ट्यांच्या संध्याकाळी आठवतात ना? का तुला फक्त मेणबत्त्याच आठवतात? पाहुण्यांची पोटं भरली की बाबा खिशातून किल्ली काढायचे, पियानोचं झाकण उघडायचे, बोटं मोडायचे. मग आईला हाक. ती स्वयंपाकघरातून हात पुसत यायची आणि पियानोच्या कडेला उभी राहायची. बाबा सगळ्यांना सांगायचे की हे माझ्या राणीसाठी. मुखडा वाजवायचे, फक्त मुखडा, दोनदा. टाळ्या पडल्या की उठून वाकायचे आणि बाकीचं पुन्हा कधीतरी असं म्हणून झाकण लावून टाकायचे. किल्ली परत खिशात. आणि राणी परत मोरीवर, ढीगभर बश्यांसमोर. त्यानंतर चार-चार दिवस ते तिच्याशी बोलायचे नाहीत, कारण काहीतरी अळणी झालेलं असायचं. एकदा तिनं नुसतं पट्ट्यांवर बोट टेकवलं, तर ओले हात लावू नकोस, लाकूड फुगतं, असं सगळ्यांसमोर सांगून ते हसले होते. पाहुणेही हसले होते. मला त्या हसण्याची अजून शिसारी येते.

आणि हीच बाई आता त्या माणसाचं गाणं घोटते आहे. मला समजत नाही. मला समजून घ्यायचंही नाही.

आता विनंती. काल बाबांच्या क्लबचे सेक्रेटरी मोजपट्टी घेऊन घरात आले. पियानोची लांबी मोजली, रुंदी मोजली, जिन्याचं वळण मोजलं, आणि मला म्हणाले की तुमच्या भावानं मोठ्या मनानं पियानो क्लबला दिला आहे. बाबांना एप्रिलमध्ये वर्ष होईल, त्या संध्याकाळी समारंभ. मोठ्या मनानं! दादा, तो पियानो आईच्या खोलीत आहे. मोठं मन दाखवायचं होतं तर तुझ्या दवाखान्यातली खुर्ची द्यायची होतीस. खरं काय ते ताबडतोब लिही.

राग असला तरी लोभ आहेच, तो कुठे जाणार?

तुझी,
चिडकी


२१ फेब्रुवारी

चि. चिडकीस,

अनेक उत्तम आशीर्वाद, आणि एक ग्लास गार पाणी. पत्र वाचताना कागद गरम लागत होता.

पियानोचं खरं आहे. सेक्रेटरींनी फोन केला, बाबांबद्दल फार चांगलं बोलले, म्हणाले की हॉलमध्ये पियानो राहिला तर बाबा राहिल्यासारखे वाटतील. मी तिथल्या तिथे हो म्हणून बसलो. आईला विचारायला हवं होतं हे मान्य. पण तेव्हा तर पियानोला कोणी हातही लावत नव्हतं. मला वाटलं, भिंत मोकळी होईल, आईला खिडकीपाशी बसता येईल. नंतर फोनवर सांगितलं तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली की समारंभाला अजून वेळ आहे ना, मग बरं.

आणि ती ते गाणं शिकते आहे हे वाचून, तू कितीही नाक मुरड, मी दवाखान्याचं दार लावून रडलो. अगं, ते त्यांचं गाणं होतं. बाबा तापट होते, मी नाही म्हणत नाही. कुणाचे वडील नसतात? पण त्या गाण्यापुरते ते वेगळे व्हायचे. मी बाकावर त्यांच्या शेजारी बसायचो, त्यांचा गुडघा ताल धरून माझ्या गुडघ्याला लागायचा, ते मी विसरू शकत नाही. माझ्या टेबलामागे तो फोटो लावलेला आहे, बाबा वाजवताहेत आणि आई कडेला उभी राहून हसते आहे. पेशंट विचारतात, तुमचे आईवडील का? मी अभिमानानं हो म्हणतो. तू त्या फोटोकडे कधी नीट बघितलंच नाहीस.

मी सेक्रेटरींना कळवून टाकलं आहे की आई त्या संध्याकाळी वाजवेल. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी कार्यक्रमपत्रिकेत एक वेगळी ओळच टाकली: पत्नीची पतीला स्वरांजली. नाही, हसू नकोस. ओकारी आली तर तुझ्या बाटल्या आहेतच.

आईच्या बोटांना कोमट पाण्यात शेक द्यायला सांग. मी येतोच आहे.

आहे तेवढा लोभ सांभाळून ठेव, वाढवलास तर हरकत नाही.

तुझा,
दादा


१४ मार्च

प्रिय दादा,

सा. न. वि. वि. स्वरांजली हा शब्द वाचून मी दात घासले.

फोटो मी नीट बघितला आहे, म्हणून तर. तूच पुन्हा बघ, भिंग घेऊन, दाढेत कीड शोधतोस तसा. आईचे हात दिसतात का? नाही. ते पाठीमागे आहेत, कारण ते ओले होते. प्रत्येक फोटोत तिचे हात पाठीमागे आहेत. तुझ्या पेशंटांना पुढच्या वेळी हेही सांग.

आता मुद्द्याचं. मला वाटलं होतं आई चार दिवसांत कंटाळेल. ती सकाळी सहाला उठून बसते आणि वाजवते. तुला आठवतं का, लग्नाआधी ती वकिलाच्या ऑफिसात टाइपिस्ट होती? ते तिच्या बोटांतून गेलेलंच नाही. दहाही बोटं पट्ट्यांवर ठेवते, मनगटं उचलते आणि खटाखट सुरू. शिकवणारी मुलगी दर वेळी सांगते की आजी, हळू, पट्टीला मारायचं नाही. आणि ओळ संपली की आईचा डावा हात आपोआप उठतो आणि हवेत काहीतरी उजवीकडे ढकलतो. टाइपरायटरचा दांडा! पहिल्या दिवशी ती मुलगी इतकी हसली की च्युइंगगम गिळून बसली. आता तिनं हार मानली आहे. चूक झाली की आई मधूनच धरत नाही, अख्खी ओळ पहिल्यापासून, नवा कागद चढवल्यासारखी. मीही परवा स्वयंपाकघरात तोंड दाबून हसले. त्या गाण्याच्या आसपास मी कधी हसेन असं मला वाटलं नव्हतं.

पण ऐक. इतके दिवस झाले आणि बाबांचा तो मुखडा मला एकदाही ऐकू आला नाही. रोज तीच एक अनोळखी चाल. मी समजले की तिला जमत नाहीये. शेवटी काल त्या मुलीला जिन्यात गाठून विचारलं की बाई, महिनाभर काय शिकवता आहात? ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली की हाच तर अंतरा आहे. आजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं की सुरुवातीचं मला नको, ते पुरे झालं, बाई जिथून गायला लागते तिथून शिकव.

दादा, त्या गाण्यात एक बाई गाते, तुला माहीत होतं? मला नव्हतं. सगळ्या जगाला माहीत असेल, आपल्या घरात कुणाला नव्हतं. आठवून बघ. रेडिओवर ते लागलं की बाबा मुखडा संपताच बटण फिरवायचे आणि म्हणायचे की मी याहून बरं वाजवतो. मग आपण कधी ऐकणार? मला वाटायचं गाणं तेवढंच आहे.

मी आईला विचारलं. तिनं कपड्यांच्या घड्या घालत सांगितलं. लग्नाआधी ऑफिसातल्या मुलींबरोबर दुपारच्या खेळाला गेली होती. पडद्यावर तो पियानोवर बसून गातो की तू अशीच समोर उभी राहा, मला आणखी काही नको. ते झालं की ती गाते. म्हणते की बघून पोट भरलं असेल तर आता माझंही जरा ऐक. आईला तिचं कडवं फार आवडलं होतं. लग्न ठरलं तेव्हा बाबांनी ते गाणं वाजवून दाखवलं, आणि तिला वाटलं की आता पुढचंही येईल. ती म्हणाली की दर पार्टीला वाटायचं, आज पुढे जातील. मग वाटायचं बंद झालं.

एवढं सांगून तिनं तुझ्या जुन्या शर्टाची घडी माझ्या हातात दिली आणि विचारलं की दूध आणलंस का.

मला काय वाटलं ते लिहिते. किळस आली. बाबांची. ते मुखडा वाजवून थांबायचे कारण त्यांना पुढचं येत नव्हतं, हे आता मला स्वच्छ दिसतं. शिकायचे कष्ट घेतले नाहीत. आणि त्यावर जन्मभर टाळ्या घेतल्या.

आता विनंती, या वेळी खरोखरची. पियानो समारंभाच्या आठ दिवस आधी न्यायचा म्हणताहेत, हॉलमध्ये सूर लावायला. आईचं शेवटच्या दोन ओळींवर अजून अडतं. तिथं उजव्या हाताचा अंगठा खालून न्यावा लागतो आणि तिचं बोट सुजलेलं आहे. ती कॅलेंडरकडे बघते आणि पुन्हा बसते. तिला हे एकदा, चार माणसांसमोर, पूर्ण वाजवायचं आहे. दुसरं काही नको आहे. तू दिलेला शब्द मागे घे. पियानो घरात राहू दे.

एवढं केलंस तर लोभाचं काय, मी तुझ्या दवाखान्यात दातही दाखवायला येईन.

तुझी,
चिडकी


२३ मार्च

चि. चिडकीस,

आशीर्वाद. पत्र दोनदा वाचलं. फोटोही बघितला. हात दिसत नाहीत हे खरं आहे, पण त्यावरून तू जे काढतेस ते मला पटत नाही. उभं राहायची एकेकाची पद्धत असते.

शब्द मागे घेणं शक्य नाही गं. पितळी पाटी कोरून झाली, बाबांच्या नावाची. पत्रिका छापून झाल्या. सेक्रेटरी, अध्यक्षीणबाई, सगळे बाबांच्या काळातले. मी आता नाही म्हटलं तर काय तोंड दाखवू? आईच्या सरावासाठी मी एक छोटा इलेक्ट्रिकचा कीबोर्ड पाठवतो आहे, पोचेल चार दिवसांत. त्यालाही पट्ट्या असतात.

आणि एक. रागावू नकोस. समारंभात नुसता अंतरा वाजवला तर लोकांना कळणार नाही कोणतं गाणं आहे. बाबांच्या आठवणीसाठी लोक येणार. निदान मुखड्याच्या दोन ओळी आधी वाजव, असं आईला तू सांग. तू सांगितलंस तर ऐकेल. सिनेमातलं गाणं आहे, एवढा अर्थ काढायचा नसतो त्यातून.

माझी पाठ धरली आहे. खुर्चीवर वाकून वाकून. येईपर्यंत बरी होईल.

तुझा,
दादा


१३ एप्रिल

दादा,

सा. न. वि. वि. यातलं फक्त न. तुला, तेही सवयीनं.

काल पियानो गेला. तीन माणसं आली, जिन्याच्या वळणावर एक पाय घासला, भिंतीचा रंग उडाला. जिथं होता तिथं फरशीवर धुळीची चौकट उरली आहे आणि तिच्यात एक जुनी हेअरपिन. हमालांनी झाकणाची किल्ली मागितली. आई म्हणाली की ती मी स्वतः घेऊन येईन.

तुझा कीबोर्ड आला. त्याच्या पट्ट्या खेळण्यातल्यासारख्या आहेत आणि एक बटण दाबलं की त्यातून कुत्रा भुंकतो. आईनं तो पुन्हा खोक्यात घातला. ती आता जेवणाच्या टेबलावर वाजवते. नुसत्या लाकडावर. मी समोर बसून भाजी निवडते आणि खट खट ऐकते. शेवटच्या दोन ओळी आल्या की ती ओठ मुडपते.

मुखड्याचं मी तिला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. तुला सांगायचं असेल तर समोर उभा राहून, तिच्या डोळ्यांत बघून सांग.

पाठ सांभाळ. ऐन वेळी ती जास्त धरेल असं मला का वाटतं कोण जाणे.

चिडकी


२२ एप्रिल

प्रिय दादा,

सा. न. वि. वि. तुझी पाठ ऐन वेळी धरलीच. त्याबद्दल आता काही म्हणत नाही. सेक्रेटरींनी तुला काय सांगितलं असेल याची कल्पना आहे, म्हणून मी पाहिलं ते लिहिते.

हॉलमध्ये अत्तर, वार्निश आणि ओलसर सँडविच यांचा मिळून एक वास सुटला होता. तो मी बाटलीत भरून नेला असता तर पुढची बढती नक्की होती. पियानोच्या पोटावर तुझी पितळी पाटी, चार स्क्रूंनी बसवलेली. अध्यक्षीणबाई कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच डोळे टिपत होत्या. सेक्रेटरी वीस मिनिटं बोलले. बाबांचं आईवर केवढं प्रेम होतं, प्रत्येक संध्याकाळी कसे ते तिला समोर उभं करून वाजवायचे, तसं प्रेम आता राहिलं नाही, वगैरे. बाया माना हलवत होत्या. मी खुर्चीचा हात धरून बसले होते, नाहीतर उठून काहीतरी फेकलं असतं.

आईचं नाव पुकारलं तर आई जागेवर नाही. ती हात धुवायला गेली होती. आली ती तशीच, दोन्ही हात पुढे धरून, थेंब गळताहेत. अध्यक्षीणबाईंनी रुमाल पुढे केला. आईनं नको म्हटलं. किल्लीनं झाकण उघडलं, बसली आणि ओल्या हातांनी सुरू केलं.

थेट अंतरा. लोक एकमेकांकडे बघायला लागले. माझ्या मागे कुणीतरी विचारलं की हे कोणतं गाणं. पहिली ओळ संपली आणि तिचा डावा हात उठून हवेत सरकला. दोघं-तिघं खुदकन हसले. दादा, मला त्यांच्या मानगुटी धराव्याशा वाटल्या. तिनं मान वर केली नाही. मधे एकदा चुकली, तर शांतपणे ओळीच्या सुरुवातीला गेली आणि पुन्हा वाजवली. मग त्या दोन ओळी आल्या. मी श्वास धरला होता. अंगठा खालून गेला. दादा, गेला! शेवटचा सूर तिनं दाबून धरला, पार विरेपर्यंत, आणि मग हात मांडीवर घेतले. अंगठ्याला ठणका लागला असणार, पण चेहरा असा की मी तिला तशी कधी पाहिलेलीच नाही.

टाळ्या पडल्या नाहीत. कुणाला कळलंच नाही की संपलं. मी एकटीनं वाजवल्या, मग थोड्या मागून.

आणि आता खरं घाणेरडं ऐक. सेक्रेटरी माइकवर आले, हळवा आवाज काढून म्हणाले की भावना अनावर झाल्यामुळे वहिनींना सुरुवात आठवली नाही, तर आपण सगळे मिळून ती पूर्ण करू. आणि सगळे उठले. उभं राहून, टाळ्यांच्या तालावर, त्यांनी बाबांचा मुखडा गायला. दोनदा. तिच्या तोंडावर. त्यांनी तिचं गाणं पुसून टाकलं आणि त्यांना वाटलं आपण तिला मदत केली. इतकी किळस मला आयुष्यात कशाची आली नाही, आणि मी काय काय बघते तुला माहीत आहे.

आई बाकावर बसून शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग उठली, झाकण लावलं, किल्ली फिरवली, पर्समध्ये टाकली आणि मला म्हणाली की टॅक्सी बघ, इथलं सँडविच खाऊ नकोस.

टॅक्सीत मी रडले. पहिला महिनाभर मी समजत होते की ती बाबांची आरती ओवाळते आहे. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तो अजून थोडा ओला होता.

तुझ्या पाठीला आराम पडो. हे खरं म्हणते.

तुझी,
चिडकी


२९ एप्रिल

ती. आईस,

शि. सा. न. वि. वि. तू छान वाजवलंस असं धाकटीनं कळवलं. सेक्रेटरी म्हणाले की तू भावुक झालीस आणि सुरुवात विसरलीस. होतं असं, मनाला लावून घेऊ नकोस.

एक अडचण आहे. पियानोचं झाकण बंद आहे आणि किल्ली तुझ्याकडे राहिली. सेक्रेटरींचे रोज फोन येतात. त्यांच्या भाचीला वाजवायचं आहे, आणि कुलूपवाल्याला बोलावलं तर लाकूड खराब होईल. किल्ली धाकटीबरोबर क्लबवर पाठवून दे, म्हणजे माझ्याही डोक्याचा ताप जाईल.

तुझ्या मायेचा धनी,
दादा


६ मे

चि. दादास,

अ. उ. आ. पाठीला शेक घे आणि खुर्ची उंच करून घे. तुझे बाबाही असेच वाकून काम करायचे आणि मग माझ्यावर ओरडायचे.

मी काही विसरले नाही. हे पहिलं सांगते, कारण तू माझा मुलगा आहेस आणि तुला तरी खरं माहीत असावं.

किल्लीचं विचारतोस. ती किल्ली दर धुण्याला माझ्या हातात येत होती. यांच्या पँटच्या खिशातून काढायची आणि टेबलावर ठेवायची, चाळीस वर्षं. कधी झाकण उघडलं नाही. हे गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी उघडलं. पट्ट्यांवर यांच्या डोक्याच्या तेलाचं मेणचट पूट बसलेलं होतं, बोटांचे ठसे दिसत होते. स्पिरिट आणून पुसलं, सगळी फडकी काळी झाली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. धाकटीला वाटतं घरात तिलाच किळस येते. ती तिला माझ्याकडून मिळाली आहे. मी फक्त बोलून दाखवत नव्हते.

तुझ्या दवाखान्यातल्या फोटोवरून तुमची दोघांची वादावादी झाली असं कळलं. धाकटी म्हणते माझे हात ओले होते म्हणून पाठीमागे होते. ओले होतेच. पण मी पाठीमागे टाइप करत असायचे. हे मुखडा वाजवायचे, मी तोंडानं हसायचे आणि मागे माझी बोटं त्या बाईच्या कडव्याचे शब्द कमरेवर टाइप करायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ओळ संपली की दांडा सरकवायचा. तेवढा वेळ मी तिथं नसायचेच. म्हणून इतक्या वर्षांनी शब्द जसेच्या तसे राहिले, चाल तेवढी शिकायची होती. ती मुलगी म्हणते माझी सवय वाईट आहे. असू दे. ती सवय होती म्हणून मी त्या पियानोशेजारी उभी राहू शकले.

तुला बाक मिळाला होता, दादा. शेजारी बसायला जागा, गुडघ्याला गुडघा. त्या गाण्याचं तुला प्रेम वाटतं त्यात तुझी चूक नाही. मला त्याची किळस होती. पूर्ण वाजवलं तेव्हा कळलं की मला अर्ध्याच गाण्याची किळस होती. क्लबातल्या लोकांनी पुन्हा तेच अर्धं गायलं, तेव्हा ती परत आली. त्यांना ते अर्धंच हवं आहे. त्यांच्या हातात मी पियानो ठेवणार नाही.

तेव्हा असं कर. पियानो तू दिलास, तूच आण. हमालांना जिन्याच्या वळणावर जपायला सांग. ती पाटी तिथंच काढून सेक्रेटरींना दे, त्यांना ती आवडते. शब्द मोडल्याची लाज वाटेल, थोडे दिवस वाटेल, मग जाते. आणि घरी आलास की बाकावर माझ्या शेजारी बस. मी तुला उरलेलं ऐकवते. हात ओले असले तरी चालेल.

तोपर्यंत सेक्रेटरींचा फोन आला आणि त्यांनी किल्ली मागितली, तर काय सांगायचं ते तुला शिकवायला नको. बाबांच्या शेजारी बसून तू ते किती वेळा ऐकलं आहेस.

बाकीचं पुन्हा कधीतरी.

तुझी,
आई